दुसऱ्याचे कुलूप आणि आपली किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी घरगुती उद्योगावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर, कोणी गुडघ्यांच्या दुखण्यावर. यंदा कार्यवाहबाईंनी मला मोबाइलच्या पासवर्डविषयी बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्राच्या पोटातले मी काय सांगणार? परंतु मनात विचार आला की, कुलूपकिल्लीचा कारभार पहिल्यापासून आपल्या बायकांच्याच हातचा. कपाटाची किल्ली कुठे ठेवावी, गावाला जाताना ती कोणापाशी द्यावी आणि कोणापाशी देऊ नये, हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही. पासवर्ड म्हणजे तरी किल्लीच की! म्हणून मी होकार दिला. माझी भाची संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. तिच्यापुढे तीन रविवार बसून मी हा विषय समजून घेतला. जेवढे नीट समजले, तेवढेच आज सांगणार आहे.

आपल्या मुलुंडमध्ये आता असे घर क्वचितच असेल की जिथे बाईच्या हातात फोन नाही. मंडळाची सूचना व्हॉट्सॲपवर येते, भिशीचा हिशेब तिथेच लिहिला जातो, नातवंडांचे फोटो तिथेच येतात. मुली इन्स्टाग्रामवर, वडीलमाणसे फेसबुकवर. या फोनवरच अधूनमधून एक जाहिरात डोळ्यांपुढे येते. ‘कोणाचेही खाते दोन मिनिटांत उघडून पाहा. फक्त नाव लिहा, पासवर्ड आम्ही काढून देतो.’ आजचे माझे बोलणे मुख्यतः या दुकानाविषयी आहे.

या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कोण जाते? चोर-दरोडेखोर जात असतील असे आपल्याला वाटते. पण बहुतेक वेळा तिथे जातात ती तुमच्याआमच्यासारखी घरातली माणसे. मुलगी रात्री बारापर्यंत कोणाशी बोलते या काळजीने आई जाते. नवऱ्याच्या वागण्याचा संशय आलेली पत्नी जाते. पत्नीवर पाळत ठेवणारा नवरा जातो. आणि स्वतःचाच पासवर्ड विसरल्यामुळे घाबरलेली एखादी साधी बाईही जाते. दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते. काळजी आणि संशय यांनी ज्याची झोप उडाली आहे, तो माणूस घासाघीस करीत नाही.

आत गेल्यावर काय घडते तेही सांगते. नाव लिहिले की पडद्यावर एक पट्टी सरकू लागते, आकडे भराभर पळतात, ‘पासवर्ड सापडला’ असे दिसते, आणि पुढे सहा फुल्या. फुल्या उघडायच्या असतील तर थोडे पैसे भरा. पैसे भरले की पडताळणीसाठी आणखी भरा. नाहीतर हे ॲप आपल्या फोनवर चढवा. नाहीतर आधी तुमच्या स्वतःच्या खात्याचा पासवर्ड इथे टाका. ती सरकणारी पट्टी हे नुसते चित्र असते, जादूगाराच्या कांडीसारखे. तिच्यामागे कोणाचेही खाते उघडले जात नसते. उघडते ते आपले स्वतःचे. ॲप चढवले तर ते आपले संदेश वाचायची परवानगी मागते, आणि ती दिली की बँकेचा कोडही आपल्याआधी त्याला दिसतो. लग्नाची पत्रिका किंवा गाडीच्या दंडाची पावती म्हणून जी ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर येते, तिची जातकुळीही हीच.

कोणी म्हणेल, सगळीच दुकाने खोटी कशावरून? एखादे खरे असेल. यावर भाचीने मला जे उत्तर दिले, ते मला फार पटले. आपण पासवर्ड ठरवला की चांगली कंपनी तो जसाच्या तसा लिहून ठेवत नाही. गणिताच्या गिरणीत घालून त्याचे पीठ करते आणि ते पीठ तेवढे ठेवते. दुसऱ्या दिवशी आपण पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळला जातो, आणि नवे पीठ जुन्या पिठाशी ताडून पाहिले जाते. जुळले तर दार उघडते. आता गव्हाचे पीठ होते, पण पिठाचे गहू कोणी केले आहेत का? म्हणूनच आपण पासवर्ड विसरलो तर कंपनी जुना सांगत नाही, नवा करायला लावते. तिच्या कोठारात गहू नाहीतच. मग जी वस्तू खुद्द मालकापाशी नाही, ती रस्त्यावरचा अनोळखी माणूस आपल्याला काढून देईल, यावर विश्वास कसा ठेवावा?

या नियमात मोठ्या कंपन्यांकडूनही कसूर झालेली आहे, तीही सांगितली पाहिजे. मार्च २०१९ मध्ये फेसबुकने कबूल केले की, कोट्यवधी लोकांचे पासवर्ड त्यांच्या आतल्या यंत्रांत न दळताच लिहिलेले राहिले होते. त्याबद्दल आयर्लंडमधील देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी २०२४ साली त्या कंपनीला ९ कोटी १० लाख युरो दंड केला. म्हणजे पासवर्ड न दळता ठेवणे हा त्या मुलखात दंडाला पात्र ठरणारा दोष आहे.

शिवाय कायदा आहेच. आपल्या देशात २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा लागू आहे. दुसऱ्याच्या संगणकात किंवा खात्यात त्याच्या परवानगीवाचून लबाडीने शिरणे हा त्याच्या कलम ६६ खाली गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे यास कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न झाले म्हणून एकमेकांची खाती उघडायचा परवाना मिळतो, असे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

आता आमच्या बाजूच्या इमारतीतल्या एका बाईंची हकीकत सांगते. नाव सांगणार नाही, आणि हे सांगायला त्यांची परवानगी मी घेतली आहे. त्यांची मुलगी कॉलेजात जाते. रात्री उशिरापर्यंत फोन, विचारले तर ‘काही नाही’. बाईंनी अशाच एका जाहिरातीवरच्या नंबरला निरोप पाठवला. आधी ४९९ रुपये भरले, मग १,५०० भरले. मग त्या माणसाने सांगितले की, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, ते कळवा, म्हणजे मुलीचे खाते तुमच्या फोनला जोडून देतो. आकडे कळवताच बाईंचेच व्हॉट्सॲप त्याच्या हाती गेले. अर्ध्या तासात भिशीतल्या सगळ्या बायकांना बाईंच्या नावाने निरोप गेला, ‘दवाखान्यात आहे, दहा हजार ताबडतोब पाठवा, संध्याकाळी देते.’ दोघींनी पाठवले. पाठवणारच, मैत्रीण दवाखान्यात असताना कोण चौकशी करीत बसते?

याहून वाईट पुढे घडले. त्या माणसाने बाईंना दुसऱ्या नंबरवरून कळवले, ‘पोलिसांत गेलात तर तुम्ही मुलीचे खाते फोडायला आला होता, हे तुमच्या घरी सांगेन.’ बाई आठ दिवस गप्प राहिल्या. कोणाला तोंड दाखवीनात. मैत्रिणींनो, या धंद्याचे खरे वर्म इथे आहे. तो असेच गिऱ्हाईक निवडतो की ज्याला फिर्याद करायची लाज वाटेल. पैशापेक्षाही आपल्या लाजेवर त्याचा अधिक भरवसा असतो.

शेवटी मुलीच्याच ते ध्यानात आले. तिने आईला बोल लावला नाही. शेजारी बसून तक्रार नोंदवली, व्हॉट्सॲप परत मिळवले. पण आठ दिवस उलटून गेले होते, पैसे मिळाले नाहीत. बाईंनी दोघी मैत्रिणींचे वीस हजार आपल्या भिशीच्या पाळीतून फेडले. मुलगी रात्री कोणाशी बोलत होती, हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही. तो त्या मायलेकींचा प्रश्न होता, व दोघींनी समोरासमोर बसून तो सोडवला.

लाज कशी बाजूला ठेवावी, हे मोठ्या माणसांकडून शिकावे. ११ ऑगस्ट २०२४ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचा फोन व व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती गेले. त्यांनी त्याच दिवशी जाहीरपणे सांगितले की, मला फोन किंवा निरोप करू नका, आणि पोलिसांकडेही गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे एक्सवरचे खाते काही वेळ हॅकरांच्या ताब्यात गेले होते. आपल्या जुहूचे अमिताभ बच्चन यांच्या ट्विटर खात्याचीही १० जून २०१९ रोजी तीच गत झाली. दिमतीला माणसे असणाऱ्यांचे असे होते, तर आपले झाल्यास त्यात लपवण्यासारखे काय आहे? जो लवकर बोलतो, त्याच्या ओळखीची माणसे वाचतात.

आता खरोखरच खाती चोरीला जातात ती कोणत्या वाटेने, हे पाहू. मला तीन वाटा समजल्या.

पहिली वाट म्हणजे आपण होऊन किल्ली देणे. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एक प्रकरण उघडकीस आले होते. एम्फॅसिस या कंपनीच्या तिथल्या कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या काही तरुणांनी अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांशी फोनवर गोड बोलून त्यांचे गुप्त आकडे काढून घेतले, आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पळवले. पुणे पोलिसांनी त्यांना पकडले. तिथे कोणी यंत्र फोडले नव्हते. ग्राहकांनी विश्वासाने आकडे सांगितले होते. वीस वर्षे होऊन गेली तरी मुख्य वाट तीच आहे. कधी बँकेचा साहेब होऊन फोन येतो, कधी आपल्याच भाचीच्या नावाने निरोप येतो, ‘माझा कोड चुकून तुझ्याकडे आला, जरा पाठव.’ कधी कुरिअरवाला होऊन तारा, २१, पुन्हा तारा आणि पुढे एक नंबर अशी जुळणी फिरवायला सांगतात. तसे केले की आपले फोन त्याच्याकडे वळतात, आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा कोड त्याच्या कानात पडतो. चुकून कोणी फिरवलाच तर दोन हॅश, ००२ व पुन्हा एक हॅश, असे लावावे, म्हणजे वळवलेले फोन परत आपल्याकडे येतात. पण मुळात नियम एकच ध्यानात ठेवावा. आपल्या फोनवर आलेला कोड पोटच्या मुलालासुद्धा फोनवर सांगू नये. घरी आला की बघेल.

दुसरी वाट म्हणजे सोपी किल्ली, किंवा सगळ्या कुलपांना एकच किल्ली. २००९ साली अमेरिकेतल्या रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. ते दळलेले नव्हते, सरळ वाचता येत होते. त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६, आणि तो सुमारे २ लाख ९० हजार लोकांनी ठेवला होता! अशा याद्या चोरांपाशी असतात व ते त्या यंत्राने एकामागून एक लावून पाहतात. नावापुढे जन्मसाल, मुलाचे नाव, गणपतीचे नाव, हे सगळे त्यांना आधीच सुचलेले असते. एका दुकानाच्या ॲपवरून पासवर्ड फुटला आणि तोच आपण ईमेललाही ठेवला असेल, तर बैठकीच्या खोलीच्या किल्लीने तिजोरीही उघडली म्हणून समजा.

म्हणून पासवर्ड लांब असावा, आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचा निराळा असावा. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २०१७ साली आपला जुना सल्ला बदलला. चिन्हांची गुंतागुंत आणि उगाच दर काही महिन्यांनी बदल करण्याची सक्ती सोडून, लांबीवर भर द्यावा, असे तिने सांगितले. याचे गणित सातवीतल्यालाही जमेल. अक्षरे कशीही, इंग्रजी सव्वीसांतलीच घेतली, तरी आठाची बारा केली की चोराचे काम ४,५६,९७६ पट वाढते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडावेत. उदाहरणार्थ, घंगाळ, जिना, पोपटी, रविवार, हे इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तर आपल्याला डोळ्यांपुढे चित्र दिसते, चोराला सुचत नाही. मात्र हे चार शब्द मी भर सभेत सांगितले आहेत, तेव्हा तेच कोणी घेऊ नयेत! आठवणीत राहत नसतील तर घरातल्या वहीत लिहून वही कपाटात कुलपात ठेवावी. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नये, आणि पर्समध्ये घालून लोकलने हिंडू नये.

तिसरी वाट मागच्या दाराची. हिरकणीची गोष्ट आपण सर्वजणी मुलांना सांगतो. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, पण घरी तान्हे बाळ असलेली ती गवळण कडा उतरून गेली. तिच्या धाडसाचे कौतुक करून महाराजांनी त्या कड्यावर बुरूज बांधला, असे सांगतात. एरवी आपण आईच्या मायेसाठी ही गोष्ट सांगतो. आज त्यातला बुरूजही ध्यानात घ्या. जिथून एक माणूस उतरू शकतो, तिथून दुसरा चढू शकतो. आपल्या खात्याचा तो कडा म्हणजे ‘पासवर्ड विसरलात का?’ ही खूण. तिथे दाबले की नवा पासवर्ड करण्यासाठी कोड जातो, आणि तो जातो आपण पूर्वी दिलेल्या मोबाइल नंबरवर किंवा ईमेलवर. तो नंबर आपण केव्हाच सोडला असेल तर? बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिला जाऊ शकतो. म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकीने पाहावे, आपल्या फेसबुकला, इन्स्टाग्रामला, ईमेलला कोणता नंबर जोडलेला आहे. जुना असेल तर बदलावा. आणि ईमेलचा पासवर्ड सर्वांत भक्कम ठेवावा, कारण बाकीच्या बहुतेक किल्ल्या त्याच कपाटात टांगलेल्या असतात.

याखेरीज दाराला दुहेरी कडी घालावी. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, असे गेल्यावर सहा आकड्यांचा आपला पिन ठेवता येतो. मग कोणी कोड मिळवला तरी पिनवाचून आत येऊ शकत नाही. इन्स्टाग्राम व फेसबुकलाही अशी सोय आहे. तसेच व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून आपले खाते आणखी कोणत्या यंत्रावर चालू आहे ते महिन्यातून एकदा पाहावे. ओळखीचे नसेल ते तिथल्या तिथे काढून टाकावे.

आणि इतके करूनही खाते गेलेच, तर? रडत बसू नये, क्रमाने कामाला लागावे. पैसे गेले असतील तर प्रथम १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा व बँकेलाही कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतो. तोवर कळवले तर तो वाटेत अडवण्याचा संभव असतो, म्हणून मिनिटाला मोल आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी ठिकाणीही तक्रार लिहिता येते, आणि मुंबईत सायबर गुन्ह्यांची स्वतंत्र पोलीस ठाणीही आहेत. व्हॉट्सॲप गेले असेल तर आपल्याच फोनवर आपला नंबर पुन्हा नोंदवावा. कोड आपल्या सिमवर येतो, तो टाकला की चोर बाहेर पडतो. त्याने पिन घालून ठेवला असेल तर आपल्याला आत जाण्यास सात दिवस थांबावे लागते, पण तोवर तोही आत राहू शकत नाही. आणि त्याच वेळी शेजारणीच्या फोनवरून मंडळात कळवावे, ‘माझ्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.’ खुद्द पासवर्डच विसरला असेल तर त्या ॲपमधल्या ‘पासवर्ड विसरलात का?’ या खुणेवाचून दुसरे कोणतेही दुकान शोधू नये.

मंडळापुढे माझी एक छोटी सूचना आहे. यापुढे कोणत्याही मैत्रिणीकडून पैशाचा निरोप आला, तर तिला फोन करून तिचा आवाज ऐकल्यावाचून एक रुपयाही पाठवायचा नाही, असा नियम आपण करू. तसे विचारल्याचा कोणी राग मानायचा नाही. आणि ज्या बाईचे खाते गेले तिला ‘तुला कळत कसे नाही?’ असे कोणी म्हणायचे नाही. त्या एका वाक्याच्या भीतीने बाया आठ दिवस गप्प राहतात, आणि चोराला तेच आठ दिवस हवे असतात.

शेवटचे एक सांगून थांबते. किल्ली कशी सांभाळावी हे शिकता येते, त्याला चार रविवारही पुरे. अवघड आहे ती दुसरी गोष्ट, आपल्याच माणसाचे कुलूप बंद पाहून स्वस्थ राहणे. आईला काळजी वाटते, ती खोटी नसते. परंतु चोरून पाहिलेल्या दोन ओळींनी ती कधी मिटली आहे का? त्या ओळींचा अर्थ विचारायचा तर आपण चोरून पाहिले हे सांगावे लागते, आणि न विचारावा तर संशय दुप्पट होतो. त्यापेक्षा रात्री मुलीच्या खोलीत दोन कप चहा घेऊन जावे आणि सरळ विचारावे. ती पहिल्या दिवशी ‘काही नाही’ म्हणेल, दुसऱ्या दिवशीही म्हणेल. चौथ्या-पाचव्या दिवशी सांगेल. याला वेळ लागतो खरा, पण इथे ४९९ रुपये भरावे लागत नाहीत, आणि जे कळते ते तिने आपण होऊन सांगितलेले असते.

 चहाच्या वेळी ज्यांना आपल्या फोनला ती दुहेरी कडी घालून हवी असेल, त्यांनी माझ्या भाचीकडे यावे. ती मागच्या बाकावर बसली आहे. पिन मात्र ज्याचा त्याने स्वतःच टाकावा. तिलासुद्धा सांगू नये!